मागची बैठक

३ जानेवारी

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पंपाची मी नोंद ठेवतो. तक्रार काय, उघडल्यावर काय निघालं, काय बदललं. आज स्वतःसाठी वही काढली. यंत्र एक्कावन्न वर्षांचं. चोवीस वर्षं बंद. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरतात. कान शाबूत.

कान शाबूत म्हणून तर पोट सुटलं. मोटारी बांधायला हाताने शिकलो, पण टपरीचा कारखाना झाला तो कानाने. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि न उघडता सांगायचं, दुखतंय कुठे. गिऱ्हाइकाला जादू वाटते. जादू कसली, नीट ऐकणारे कमी, एवढंच.

महिन्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांचा कॉम्प्रेसर असाच ऐकला आणि सांगितलं, डावं बेअरिंग, पंधरा दिवस टिकेल. ते यंत्राकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यांकडे बघत होते. म्हणाले, "मालक, तुम्ही कधीकाळी वल्ही मारलीयत."

"कशावरून?"

"घोड्याचं वय दातांवरून कळतं, तसं."

ते स्वतः रोइंग करतात. दोघांच्या बोटीतला त्यांचा जोडीदार बदली होऊन गेला. चौदा मार्चला तलावावर प्रौढांची शर्यत आहे, हजार मीटर. मी हो म्हणून बसलो. हो म्हणायला जीभ पुरते, छाती मागाहून लागते.

जेवताना बायकोला सांगितलं. दुसऱ्या कोणाची बायको म्हणाली असती, या वयात? ही म्हणाली, "मागे कोण बसणार?"

"दातांचे डॉक्टर."

"तब्येतीने कसे आहेत?"

"दगड आहेत."

ती ताटं घेऊन आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. वॉशर बदलायला हवा.

५ जानेवारी

क्लबात आधी मशीनवर बसवलं. सरकती बैठक, समोर साखळीला दांडा. तरुणपणी पाचशे मीटर दीड मिनिटात ओढायचो. आज दोन मिनिटं अकरा सेकंद, आणि उठताना भिंत धरली. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी दात काढत नाहीत. नुसतं बघतात."

मांड्या, कंबर, बोटांची पेरं, सगळी तक्रार करतायत. पण पाय ढकलले, मग पाठ उघडली, मग हात आले, हा क्रम शरीराने विचारलासुद्धा नाही. आपोआप झाला. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं कसंसंच वाटलं.

१७ जानेवारी

तेरा दिवस मशीन झालं. पाचशेला एक मिनिट अठ्ठावन्न. आज पाण्यावर.

ज्याला माहीत नाही त्याला सांगावं लागतं, की रोइंगमध्ये पाठ करून पुढे जायचं असतं. मी लयीच्या बैठकीवर, वेग ठरवणाऱ्याच्या जागी. माझ्या नजरेला फक्त मागे पडलेलं पाणी. जोडीदार माझ्या पाठीमागे. त्याला माझी पाठ दिसते, मला त्याचं काही दिसत नाही. मी त्याला फक्त ऐकतो. वल्हं कडीत फिरताना होणारी खट, बैठकीची चाकं, श्वास.

डॉक्टरांची खट उशिरा येत होती. फार नाही, पाव सेकंद. माझी खट, मग त्यांची. काठाला आल्यावर म्हटलं, "डॉक्टर, जरा उशिरा येताय."

"मी? अहो, मी तुमच्या मानेवर नजर ठेवून असतो."

२४ जानेवारी

आज पुन्हा तेच. मी ऐकेना, म्हणून डॉक्टरांनी मुलीला काठावरून फोनवर चित्रीकरण करायला लावलं. दहा वेळा पाहिलं. चारही वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर. आरशासारखी.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "कानात मळ झाला असेल. माझ्या शेजारीच कानवाला बसतो, सांगू का?"

मी हसलो. कड्या सोडून पाहिल्या, पितळी बुश मोजले, ग्रीस बदललं. दोष काही सापडला नाही. पण ती खट मला ओळखीची आहे, हे डॉक्टरांना कसं सांगू? उशिरा यायचा तो उंट. लांब हात, लांब मान, सगळं माझ्यानंतर पाव सेकंदाने पोचायचं. त्या पाव सेकंदावरून आम्ही दोन वर्षं भांडलो आणि दोन वर्षं जिंकलो.

उंट म्हणजे माझा जोडीदार. बायकोचा थोरला भाऊ. तो गेला तेव्हा ती माझी कोणी नव्हती. नात्याने मेहुणा झाला तो गेल्यावर दोन वर्षांनी.

३१ जानेवारी

वही काढलीच आहे तर लिहावं. पंपाच्या नोंदीत बिघाड लपवत नाही मी.

राज्याची अंतिम शर्यत होती. दोन हजार मीटर. अडीचशे राहिले होते आणि शेजारची बोट आमच्यापेक्षा नाकभर पुढे होती. मागून उंट म्हणाला, "बस."

आमचे प्रशिक्षक भोंगासर. हातात सतत भोंगा, म्हणून नाव भोंगा. ते काठावरून सायकलने यायचे आणि ओरडायचे, बस, बस रे, बस. म्हणजे बैठकीवर घट्ट बस, उचलू नकोस, वजन पायांवर दे. उंट तेच म्हणाला. घट्ट बस, सोडू नकोस. मी सोडलं नाही. आम्ही अर्ध्या बोटीने जिंकलो.

रेषा ओलांडल्यावर त्याचं डोकं माझ्या पाठीवर आलं. मला वाटलं, आनंदाने टेकलंय. मी मागे हात नेऊन त्याचे केस विस्कटले. काठावर टाळ्या वाजत होत्या.

दुपारी गेला. जन्मापासून हृदयात काहीतरी होतं, कोणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जिना चढतानाही झालं असतं. सगळ्यांनी तेच म्हटलं, जिना चढतानाही झालं असतं. त्याच्या आईने, म्हणजे नंतरच्या माझ्या सासूबाईंनी, माझा हात धरून विचारलं, काही बोलला का रे? मी म्हटलं, नाही. काही नाही.

एका शब्दाचं काय सांगायचं? तेही शर्यतीतल्या शब्दाचं.

७ फेब्रुवारी

भोंगासरांकडे गेलो. त्र्याऐंशी वर्षं. मुलीकडे असतात, खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर शाल. मी दारात दिसताच म्हणाले, "ये रे पाना." पंपाच्या टपरीवरून थेट सरावाला यायचो, खिशात पाना असायचा, तेव्हाचं नाव. आतून मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना पाना काय म्हणता, कारखानदार आहेत ते." सर म्हणाले, "मग काय स्क्रू म्हणू?"

सरावाचा तक्ता लिहून दिला. आठवड्याला चार दिवस लांब आणि सावकाश, दोन दिवस तुकड्यांत, एक दिवस काही नाही. "काही नाही म्हणजे काही नाही. तुझ्यासारखा माणूस काही नाहीच्या दिवशी बोट रंगवतो." आमच्या वल्ह्यांची लांबी त्यांना आठवत होती. उंटाच्या बुटांचं मापसुद्धा.

निघताना सहज म्हणून विचारलं, "सर, तुम्ही काठावरून बस, बस म्हणायचात ना? घट्ट बस, या अर्थाने?"

"मी? नुसतं बस कधीच नाही. 'बसून ओढ' म्हणायचो. 'बैठक धर' म्हणायचो."

"नाही सर. बस म्हणायचात."

"अरे, नुसतं बस म्हटलं तर पोरं थांबतात. थांबायचा शब्दच तो होता आपला. पहिल्या दिवशी शिकवलाय सगळ्यांना, बोटीत कोणीही बस म्हणालं की वल्ही सोडायची, कारण विचारायचं नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "का रे?"

"काही नाही, सहज."

म्हातारपण. त्र्याऐंशीला माणसाचं असंच होतं. काही गोष्टी लख्ख, काही उलट्यापालट्या.

१० फेब्रुवारी

काही नाहीचा दिवस. बोट रंगवली.

१६ फेब्रुवारी

वजन सहा किलो उतरलं. मशीनवर एक मिनिट एक्कावन्न. कारखान्यातले विचारतात, मालक, आजारी आहात का? बारीक माणूस आणि सुखी माणूस एकच असू शकतो, हे लोकांना पटत नाही.

बायको रोज पहाटे माझ्याआधी उठून पाण्याची बाटली भरून ठेवते. आज दोन भरल्या होत्या. म्हटलं, डॉक्टरांची त्यांच्याकडे असते. तिने दुसरी बाटली मोरीत ओतली आणि पुसून कपाटात ठेवली.

२१ फेब्रुवारी

आज पाचशेचे चार तुकडे पूर्ण जोराने. तिसऱ्यात बोट उडत होती. पाणी तळाखालून चरचरत जातं, तो आवाज चोवीस वर्षांनी ऐकला. अंगावर काटा आला. तेवढ्यात मागून आवाज आला. "बस."

मी ओढत राहिलो.

मग मागच्या वल्ह्यांच्या दांड्यांचा धक्का पाठीत बसला, वल्ही अडकली आणि बोट तिरकी होऊन थांबली. डॉक्टरांच्या पोटरीत गोळा आला होता. पाय धरून हसतही होते, कळवळतही होते. "अहो मालक, बस म्हटलं तर तुम्ही बसलातच की. किती मारलेत त्यानंतर?"

"कळलं नाही."

"कळलं नाही? तुम्हाला?"

अकरा. मी मोजले होते.

काठावर डॉक्टर पोटरी चोळत म्हणाले, "शब्द बदलू या. मी पेशंटला सांगतो, दुखलं तर डावा हात वर करा. इथे केला तर उलटू."

"आणि पेशंटने हात वर केला की थांबता?"

"थांबतो की." मग पोटरी सोडून, "खरं सांगू? कधी कधी दोनच सेकंदांचं काम उरलेलं असतं. तेवढं उरकून घेतो."

"आणि त्याला काय सांगता?"

"सांगतो, हात दिसला नाही." मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

ठरलं की यापुढे 'थांबा' म्हणायचं. दुसरा अर्थ निघणार नाही असा शब्द.

२२ फेब्रुवारी

त्या दिवशी मी मोजलं नव्हतं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. लयीच्या बैठकीवरचा माणूस शेवटी मोजतोच. तेच त्याचं काम. उंट 'बस' म्हणाला त्यानंतर सव्वीस.

सर उलटसुलट करत नाहीत. त्यांना बुटांचं माप आठवतं.

एवढं लिहितो आणि हे पान इथे सोडतो. मला आवाज कळतात. बेअरिंग कोरडं आहे की फुटलंय हे मी भिंतीपलीकडून सांगतो. घट्ट बस म्हणणारा माणूस कसा म्हणतो आणि पुरे झालं म्हणणारा कसा, हे मला कळलं नाही असं कोणाला सांगितलं तर माझं गिऱ्हाईकसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

६ मार्च

शर्यत आठवड्यावर आली. खट आता रोज. मशीनवर एकटा असलो तरी साखळीच्या परतीत ऐकू येते. पंप ऐकताना येते. काल एका गिऱ्हाइकाला सांगितलं, तुमच्या पंपात दोन इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पंखे, आहेत आणि दुसरा मागे पडतोय. त्याने उघडून दाखवला. एकच होता. कारागीर माना खाली घालून काम करत राहिले. इतकी शांतता कारखान्यात कधी ऐकली नव्हती.

डॉक्टरांना काही बोललो नाही. ते खुशीत आहेत. घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय, या वेळी तिसऱ्यात तरी येणार. शेचाळीस वर्षांत एकही पदक नाही, म्हणाले. शाळेत चमचा-लिंबूचंसुद्धा नाही.

बायको म्हणाली, "मी येणार आहे बघायला."

"तू? तलावावर?"

"का? तिकीट आहे?"

चोवीस वर्षांत ती पाण्याच्या बाजूला फिरकलेली नाही.

१४ मार्च

पाच बोटी. सुरुवात चांगली झाली. पाचशेला तिसरे, सातशेला दुसरे. डॉक्टर मागून घड्याळासारखे येत होते आणि त्यांच्याही मागून ती दुसरी खट, पाव सेकंद उशिरा. मी म्हटलं, येऊ दे. अडीचशे राहिले. पहिल्या बोटीचं शेपूट माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात आलं. म्हणजे आम्ही त्यांना गाठत होतो.

तेव्हा श्वास ऐकला. आत घेताना अडकलेला. दाराच्या फटीत कापड अडकावं तसा.

कोणी काही म्हटलं नाही. 'थांबा' नाही, 'बस' नाही. मी वल्ही सोडली.

डॉक्टरांच्या वल्ह्यांचे दांडे पाठीत बसले. बोट फिरली. मी मान वळवून ओरडत होतो, डॉक्टर, आडवे व्हा, मान मागे टाका. ते माझ्याकडे बघत होते. घामाने भिजलेले, लालबुंद, ठणठणीत.

"काय झालं?"

"तुमचा श्वास."

"शर्यतीत आहे माझा श्वास. ओढा."

तीन बोटी पुढे गेल्या. आम्ही शेवटी पोचलो.

धक्क्यावर त्यांनी स्वतःची वल्ही उचलली, माझी तशीच राहू दिली. त्यांची मुलगी फोन धरून उभी होती, तो तिने खाली केला. ते चार पावलं गेले आणि परत आले. आवाज चढवला नाही. "दहा आठवडे मालक. पहाटे साडेचारला उठलो. दुखलं असतं तर सांगितलं असतं, शब्द ठरला होता आपला. मी सांगितलं का?"

"नाही."

"मग मागे मी बसलो होतो. मी. दुसरं कोणी नव्हतं."

मी म्हटलं, चुकलो. ते म्हणाले, "हो." आणि गेले.

बायको कठड्यापाशी उभी होती.

१५ मार्च

डॉक्टर फोन उचलत नाहीत. बरोबर आहे.

काल संध्याकाळचं आज लिहितो, काल पुढे हात चालला नाही.

घरी आल्यावर ती पायातलं न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. म्हणाली, "का थांबलात?"

"डॉक्टरांचा श्वास अडकल्यासारखा वाटला."

"डॉक्टरांचा?"

तीच पुढे म्हणाली, "त्या दिवशी मी काठावर होते. दादाची वल्ही शेवटी शेवटी पाण्यात जात नव्हती. वरवर फिरत होती. मला वाटलं, तुम्हाला मागचं दिसत नाही."

"दिसत नाही."

"ऐकू येतं पण."

मग मी सांगितलं. शब्द सांगितला. भोंगासरांचं सांगितलं, सव्वीस सांगितले. तिच्या आईला नाही म्हणालो होतो, तेही. सांगताना पंपाची नोंद वाचून दाखवावी तसं सांगत होतो, दुसरी रीत मला येत नाही.

ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत म्हणायची, माझं पोर गप्पच गेलं, त्रास झाला नसेल. तिला सांगितलं नाहीत ते बरं केलं." पदराच्या टोकाची घडी घातली, उलगडली. "मला सांगायला हवं होतं. लग्नाआधी."

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?"

"ते ठरवायचं माझ्याकडे राहिलं असतं."

हे ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं.

मग म्हणाली, "कसं म्हणाला?"

"म्हणाला, बस."

"असं नाही. तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांच्या नकला करून घर हसवता. दादाची कधी केली नाहीत. त्याच्या आवाजात म्हणा."

मी नको म्हटलं. ती बघत राहिली. मग म्हटलं. तो नाकातून बोलायचा जरा, आणि मोठ्या देहाच्या मानाने आवाज बारीक. ब दबलेला, स लांबत जाऊन नुसती हवा उरलेली. इतकी वर्षं आत जसाच्या तसा होता. घट्ट बस असं त्यात कुठेच नव्हतं. लहान मुलालाही कळलं असतं.

तिने डोळे मिटले होते. म्हणाली, "पुन्हा म्हणा."

मला वाटलं, खात्री करून घेतेय. म्हटलं, "थांब असंच होतं ते. मला तेव्हाच कळलं होतं."

"ते कळलं मला. पुन्हा म्हणा."

पुन्हा म्हटलं. ती मान तिरकी करून ऐकत होती, लांबच्या गावाहून आलेला फोन ऐकावा तशी. चेहरा रागाचा नव्हता. कसला होता, मला ओळखता आला नाही. तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा जरासं हसली, ओठांच्या एका कोपऱ्यात, आणि डोळ्यांतून पाणी आलं. हसण्यासारखं त्यात काय होतं, मी विचारलं नाही.

चौथ्यांदा म्हटलं. तिने डोळे उघडले.

"हा तुमचा आवाज आला," म्हणाली, आणि उठून पायातलं काढलं.